सॅफो सिंड्रोम: हाडं, सांधे आणि तळव्यांवरच्या पुटकुळ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला सॅफो आहे. निदान व्हायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत कॉलर बोनवरची सूज मी हाडांच्या डॉक्टरांना दाखवत होते आणि तळपायांवरच्या पुटकुळ्या स्किनच्या डॉक्टरांना. दोघांचे कागद दोन वेगळ्या फायलींत. शेवटी एका संधिवाततज्ज्ञांनी एमआरआयची फिल्म बाजूला ठेवली आणि म्हणाले, "चप्पल काढता का जरा?" तळपाय पाहिले, तळहात पाहिले. "बाई, हे दुखणं एकच आहे," म्हणाले.

मी डॉक्टर नाही, नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. पण तेव्हापासून ओळखीतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून फोन येत राहतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

सॅफो म्हणजे नेमकं काय?

जंतुसंसर्ग नसताना हाडांना, सांध्यांना आणि त्वचेला येणारा दाह. आपली प्रतिकारशक्ती कारण नसताना पेटते आणि शरीराच्या ठराविक जागा धरते. हाडाला सूज येते, ते दुखतं, आणि वर्षानुवर्षं असं चाललं की हाड जाड आणि टणक होत जातं. त्वचेवर एक तर तळहात-तळपायांवर पूभरल्या पुटकुळ्या येतात, नाही तर चेहरा, छाती, पाठ यांवर मोठमोठे, खोल मुरुम. काखेत किंवा जांघेत वारंवार गळवं येणारेही काही जण असतात.

नेहमीचा आमवात बोटांचे छोटे सांधे धरतो. सॅफोचा रोख वेगळा आहे. मोठ्या माणसांत तो प्रथम छातीच्या वरच्या भागात बसतो, त्यानंतर नंबर मणक्यांचा आणि कमरेखालच्या सांध्यांचा. जबडाही धरतो. दातदुखी समजून चांगली दाढ काढून बसलेले लोक मला भेटले आहेत.

नाव असं का?

ही पाच इंग्रजी अक्षरांची (SAPHO) जुळवाजुळव आहे. सायनोव्हायटिस म्हणजे सांध्याच्या अस्तराची सूज, ॲक्ने म्हणजे मुरुम, पस्ट्युलोसिस म्हणजे पूभरल्या पुटकुळ्या, हायपरऑस्टोसिस म्हणजे हाड प्रमाणाबाहेर वाढणं आणि ऑस्टायटिस म्हणजे हाडाचा दाह. १९८७ साली शामो, कान आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी देशभरातले ८५ रुग्ण एकत्र करून हे नाव सुचवलं. गंमत अशी की पहिल्या लेखात सुरुवातीचा 'एस' हा नुसता 'सिंड्रोम'चा होता, सांध्याची सूज त्यात मागून बसवली.

आजार मात्र नावाच्या आधीपासूनचा. १९७२ मध्ये स्वित्झर्लंडच्या गीडिऑन यांनी चार मुलांमध्ये असाच जंतूंशिवायचा हाडदाह पाहिला होता. जपानमध्ये सोनोझाकी आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली तळव्यांवर पुटकुळ्या आणि छातीचं हाड दुखणं अशा ५३ रुग्णांचं वर्णन लिहिलं. त्वचेच्या डॉक्टरांनी एक नाव दिलं, हाडांच्या डॉक्टरांनी दुसरं, क्ष-किरणवाल्यांनी तिसरं. त्यामुळे वैद्यकीय वाङ्मयात या आजाराची पन्नासेक नावं सापडतात. आजही तुमच्या रिपोर्टवर 'पस्ट्युलोटिक आर्थ्रो-ऑस्टायटिस' किंवा 'स्टर्नोकोस्टोक्लॅविक्युलर हायपरऑस्टोसिस' लिहिलेलं असेल तर घाबरू नका, घराणं एकच आहे.

किती दुर्मिळ आहे?

साधारण अंदाज दहा हजारांत एकापेक्षा कमी असा सांगतात. नोंदी नीट होत नाहीत आणि निदान चुकतं, त्यामुळे हा आकडा घासूनपुसून घेतलेला नाही. बहुतेकांना तिशी ते पन्नाशीत होतो. तळव्यांवर पुटकुळ्या असलेल्यांत बायका जास्त, मोठ्या मुरुमांच्या प्रकारात पुरुष जास्त.

दुखणं कसं असतं? हार्टचं तर नाही ना?

कॉलर बोन जिथे छातीच्या मधल्या हाडाला मिळतं तिथे बोट ठेवा. आमचं घर तिथे. सुरुवातीला नुसतं अवघडल्यासारखं वाटतं, मग सूज दिसू लागते, कधी एकाच बाजूला लिंबाएवढी. रात्री कूस बदलताना कळ जाते. शिंक आली की दोन्ही हातांनी छाती धरावी लागते. मला फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिता येईना, तेव्हा मी गणितं फळ्याच्या मध्यापासून सुरू करायला लागले. एका मुलाने विचारलं, "मॅडम, वरचा फळा कुणासाठी राखून ठेवलाय?" गाडीत सीटबेल्ट नेमका त्याच जागेवरून जातो, मंगळसूत्रही तिथेच टेकतं. छोटा रुमाल घडी करून बेल्टखाली ठेवायचा, हा माझा शोध.

सकाळी आखडलेपण असतं आणि हालचालीने थोडं मोकळं होतं. सॅफोची जागा बोटाने दाबली की दुखते, हे हार्टच्या दुखण्यात सहसा होत नाही. पण हा भेद घरी बसून करायचा नाही. छातीत नव्याने दुखू लागलं, घाम आला, दम लागला, दुखणं हातात-जबड्यात गेलं तर आधी ईसीजी, सॅफोचा विचार नंतर.

तळव्यांवर आलंय ते गजकर्ण किंवा 'उष्णता' नाही हे कशावरून?

आमच्या सासूबाई पहिले सहा महिने 'अंगात उष्णता फार झालीय' म्हणून मला सब्जा पाजत होत्या. केमिस्टने गजकर्णाचं मलम दिलं, शेजारणीने खरूज म्हटलं. तिघांचाही दोष नाही, दिसतंच तसं.

जवळून पाहाल तर क्रम असा असतो. तळपायाच्या खळग्यात किंवा अंगठ्याखालच्या मांसल भागात टाचणीच्या डोक्याएवढ्या पिवळट पुटकुळ्या एकदम उठतात. चार-आठ दिवसांत त्या सुकून तपकिरी ठिपके होतात. मग पापुद्रे निघतात, कातडी चिरते, आणि तोवर शेजारी नवी रांग उठलेली असते. एकाच वेळी पिवळे, तपकिरी आणि सोललेले असे तिन्ही टप्पे दिसतात, ही ओळखीची खूण. पुटकुळीतला पू जंतुविरहित असतो, कल्चरला पाठवला तर काही उगवत नाही. कणीक मळताना मीठ लागलं की जो काही जीव जातो, तो ज्याचा त्यालाच ठाऊक.

दुकानातून आणलेली मिश्र मलमं लावू नका. त्यात बहुधा जहाल स्टिरॉइड असतं. चार दिवस छान वाटतं, मग जास्त भडकतं, आणि डॉक्टरांना मूळ चित्र दिसत नाही ते वेगळंच.

मला त्वचेवर काहीच नाही. तरी सॅफो असू शकतो?

हो. काही जणांना त्वचेचा त्रास कधीच होत नाही. बऱ्याच जणांत हाड आणि त्वचा साधारण दोन वर्षांच्या आत एकमेकांच्या मागोमाग येतात, पण वीस-वीस वर्षांचं अंतरही नोंदलेलं आहे. म्हणून डॉक्टरांनी "पूर्वी कधी?" असं विचारलं तर कॉलेजातले मुरुमसुद्धा सांगा. मुरुम गेले तरी पाठीवरचे वण असतात, ते दाखवा.

कशामुळे होतो?

एकच कारण हाती आलेलं नाही. जन्मजात कल, रोगप्रतिकार यंत्रणेतला बिघाड आणि बाहेरून एखादं निमित्त अशी मोट बांधली जाते. मुरुमांत सापडणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू काही रुग्णांच्या हाडाच्या बायोप्सीतही मिळाला, तेव्हा हा छुपा संसर्ग असावा असं वाटलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात सोळा आठवडे ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन पाहिलं. गोळ्या चालू होत्या तोवर फरक पडला, थांबवल्यावर दुखणं परतलं. म्हणजे जंतू काडी टाकत असेल, पण आग आपल्या घरची. म्हणूनच महिनोन्महिने अँटिबायोटिक खाऊन सॅफो जात नाही.

एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, म्हणजे मणके आखडवणाऱ्या संधिवातात, फार उपयोगाची आहे. सॅफोत ती बहुतेकांची निगेटिव्हच येते. 'बी२७ नाही म्हणजे काही नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

संसर्गजन्य आहे का? एका ताटात जेवलेलं चालेल?

नाही, आणि हो. टॉवेल वेगळा ठेवायचीही गरज नाही.

मला टीबीची औषधं चालू केली आहेत. चुकीचं झालं का?

मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडे मणक्यात दाह दिसला, हाड खाल्ल्यासारखं दिसलं, वजन कमी झालं की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय क्षयरोगाचा येतो आणि यावाच. हाडाचा टीबी आपल्याकडे सॅफोच्या कितीतरी पट जास्त. कॉलर बोनच्या सांध्याचा टीबीही होतो. त्यामुळे संशय घेणं ही चूक नव्हे. चूक होते ती पुरावा न शोधता एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करण्यात आणि सहा महिन्यांत काही फरक नसताना मुदत वाढवत राहण्यात. मी स्वतः आठ महिने घेतली. लघवी केशरी व्हायची, मळमळ रोजची, कॉलर बोन होतं तिथेच. बायोप्सी कुणी केलीच नव्हती.

पुरावा म्हणजे काय? सूजलेल्या हाडातून सुईने तुकडा काढून तो तीन ठिकाणी पाठवायचा: सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, जंतूंच्या कल्चरला (म्हणजे जंतू वाढवून पाहायला) आणि टीबीच्या सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) व कल्चरला. तुकडा सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर कल्चर होत नाही. बायोप्सीच्या आधी "कल्चरला वेगळा तुकडा ठेवणार ना?" एवढं विचारायला लाजू नका. एमआरआयमध्ये मणक्यांच्या बाजूला पुवाचा मोठा गोळा आणि मधल्या चकतीचा विध्वंस दिसला तर पारडं टीबीकडे झुकतं. मणक्यांचे कोपरे सुजलेले, आजूबाजूला गळू नाही, शिवाय कॉलर बोनही सुजलेलं, अशा वेळी सॅफोचा विचार व्हायला हवा.

आता उलट बाजू. टीबी असताना तो सॅफो समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर फार मोठं नुकसान होतं. म्हणून हे वाचून एकेटी आपल्या मनाने बंद करू नका. बंद करायची की नाही हे बायोप्सी आणि डॉक्टर ठरवतील.

कोणत्या तपासण्या होतात?

'सॅफो पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट देणारी रक्ततपासणी नाही. अंगातला दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी वाढलेले असतात, पण कधीकधी अगदी नॉर्मल येतात. आमवाताच्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी तपासण्या सहसा निगेटिव्ह. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला काही दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये हाडाची जाडी आणि झीज चांगली दिसते, एमआरआयमध्ये ताजा दाह.

सगळ्यांत बोलकी तपासणी बोन स्कॅनची. शिरेतून टेक्नेशियमचं किरणोत्सारी औषध देतात, दोन-तीन तास थांबवतात, मग पूर्ण सांगाड्याचा फोटो. जिथे दाह तिथे काळा डाग. दोन्ही कॉलर बोनचे सांधे आणि मधलं हाड एकदम असे काळे दिसले तर चित्र शिंगं असलेल्या बैलाच्या डोक्यासारखं दिसतं. वैद्यकीय पुस्तकांतही त्याला 'बैलाचं डोकं' असंच म्हणतात. माझा फोटो पाहून घरच्यांना थेट पोळ्याचा बैल आठवला, झूल तेवढी नव्हती. हे चित्र प्रत्येकात दिसत नाही, पण दिसलं तर निदान बरंच सोपं होतं. शिवाय न दुखणाऱ्या जागाही या स्कॅनमध्ये सापडतात.

रिपोर्टवर 'मेटास्टॅसिस?' लिहिलंय. कॅन्सर आहे का?

मेटास्टॅसिस म्हणजे दुसरीकडून हाडांत पसरलेला कॅन्सर. बोन स्कॅनवर अनेक डाग दिसले की रेडिओलॉजिस्टला ती शंका लिहावीच लागते. ती खोटी ठरवण्यासाठीच पुढच्या तपासण्या असतात. सॅफो कॅन्सर नाही आणि त्याचा कॅन्सर होत नाही. पण कॅन्सर नाही हे आधी सिद्ध करून घ्यायचं, मग निश्चिंत व्हायचं. त्या मधल्या दहा दिवसांत झोप लागत नाही, ते मला माहीत आहे.

कोणत्या डॉक्टरांकडे जायचं? बरोबर काय न्यायचं?

संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. मुंबई-पुण्यात आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. हाडांचे सर्जन वेगळे, हे घरात समजावून सांगावं लागतं. बरोबर त्वचारोगतज्ज्ञ हवेतच.

नेताना जुन्या फिल्म आणि सीडी न्या, नुसते रिपोर्टचे कागद पुरत नाहीत. तळव्यांचे फोटो तारखेसकट मोबाईलमध्ये ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी पुटकुळ्या नेमक्या गायब असतात. कोणतं औषध किती दिवस घेतलं आणि काय फरक पडला हे एका पानावर लिहा. आणि त्यांनी विचारलं नाही तरी चप्पल काढा.

उपचार काय?

फक्त सॅफोसाठी म्हणून मंजूर झालेलं औषध नाही. रुग्ण थोडे, त्यामुळे मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. दुसऱ्या संधिवातांची आणि त्वचारोगांची औषधं अनुभवाने वापरली जातात. एकाला लागू पडलं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही, त्यामुळे पहिल्या औषधाने गुण नाही आला म्हणून डॉक्टर बदलत फिरू नका.

सुरुवात सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांनी होते, इंडोमेथॅसिन, नॅप्रॉक्सेन, एटोरिकॉक्सिब वगैरे. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. जठर, किडनी आणि रक्तदाब सांभाळून घ्यायच्या गोळ्या आहेत या, पोहे खाल्ल्याशिवाय घेऊ नका. स्टिरॉइड गोळ्यांनी भडका तात्पुरता शमतो, पण त्यांच्यावर वर्षं काढायची नसतात.

पुढची पायरी मेथोट्रेक्सेट किंवा सल्फासॅलाझिन. मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट ठळक लिहून फ्रीजवर चिकटवा: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. रोज घेतल्याने जिवावर बेतलेल्या घटना झाल्या आहेत. वार ठरवून घ्या. माझा गुरुवार आहे, दत्ताचा वार म्हणून विसरत नाही. बरोबर फॉलिक ॲसिड आणि ठराविक काळाने रक्त-लिव्हरच्या तपासण्या.

मुरुमांचा जोर असेल तर त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनॉइन देऊ शकतात. काही जणांत याच औषधाने सांधे, विशेषतः कमरेचे सांधे, दुखू लागल्याचं दिसलं आहे. ते घेतल्यावर दुखणं वाढलं तर लगेच सांगा. गर्भावर त्याचा अत्यंत वाईट परिणाम होतो, त्यामुळे बायकांनी त्या काळात दिवस जाणार नाहीत याची पूर्ण खबरदारी घ्यायची.

'हाडांचं सलाइन' देणार म्हणतात. ते काय?

पामिड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक ॲसिड. मुळात हाडांच्या दुसऱ्या आजारांसाठीची औषधं, पण सॅफोत हाडाचा ठणका कमी करायला चांगली उपयोगी पडतात. सकाळी दवाखान्यात जायचं, सलाइन लावायचं, संध्याकाळपर्यंत घरी. पहिल्या वेळी त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी थंडी-ताप, अंगदुखी येते आणि दोन-तीन दिवसांत जाते. मला कुणी हे आधी सांगितलं नव्हतं. डेंग्यू झाला म्हणून आमच्याकडे रात्री अकराला धावपळ.

आधी तीन गोष्टी करून घ्या: किडनीची तपासणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची तपासणी, आणि दंतवैद्याची भेट. दाढ काढायची असेल तर ती सलाइनच्या आधी काढून जखम भरू द्या. या औषधांवर असताना दात काढल्यास जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो, क्वचित पण त्रासदायक. पुढे मूल हवं असलेल्या बायकांनी ते आधीच बोलून घ्यावं, कारण हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं.

बायोलॉजिक इंजेक्शनं परवडतात का? धोका किती?

बायोलॉजिक म्हणजे दाह पेटवणारा एखादा ठराविक रेणू रोखणारी औषधं. ॲडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब ही टीएनएफ नावाचा रेणू रोखणारी औषधं अनेकांना लागू पडतात, त्वचेपेक्षा हाडांना जास्त. भारतात ॲडालिमुमॅबची स्वस्त प्रतिकृती २०१४ च्या अखेरीस आली, ती जगातली पहिली. तेव्हा तिची किंमत मूळ औषधाच्या अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचवा हिस्सा होती. तरीही मध्यमवर्गीय पगाराला ती जड जातातच. सेक्युकिनुमॅबसारखी, आयएल-१७ हा असाच दुसरा रेणू रोखणारी आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही वापरतात. टोफासिटिनिब आता जेनेरिक मिळते. पण तिच्यामुळे नागीण होऊ शकते, आणि वयस्कर, धूम्रपान करणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्यांत रक्ताच्या गुठळ्यांचा आणि हार्टचा धोका पाहावा लागतो.

टीएनएफवाल्या औषधांत एक विचित्र गोष्ट घडते: हाडं शांत होतात आणि तळव्यांवर पुटकुळ्या नव्याने उठतात. हा औषधाचा उलटा परिणाम आहे, तुमचं पथ्य मोडल्यामुळे नव्हे.

सगळ्यांत मोठा प्रश्न पुन्हा टीबीचाच. ही औषधं अंगात झोपलेला टीबी जागा करू शकतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि माँटू किंवा इग्रा तपासणी होते. सुप्त टीबी निघाला तर आधी त्याच्या गोळ्या. इंजेक्शनं चालू असताना पंधरा दिवसांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं यांतलं काहीही दिसलं तर पुढचं इंजेक्शन थांबवून आधी डॉक्टरांना फोन.

सिगारेटचा आणि याचा संबंध?

तळव्यांवरच्या पुटकुळ्यांचा आणि सिगारेटचा संबंध अगदी घट्ट आहे. असे बहुसंख्य रुग्ण धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले असतात. सोडल्यावर अनेकांच्या पुटकुळ्या कमी होतात. अभ्यास सिगारेटवरचे आहेत, पण मशेरीच्या डबीला यातून सूट मिळाली असं समजू नका.

जपानमध्ये टॉन्सिल आणि दातांच्या जुनाट संसर्गाकडेही फार लक्ष देतात. तिथे टॉन्सिल काढल्यावर बऱ्याच रुग्णांची त्वचा आणि छातीचं दुखणं दोन्ही सुधारल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे लगेच टॉन्सिल काढायला कुणी सांगत नाही, पण किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या दुरुस्त करून घेण्यात तोटा काहीच नाही.

पथ्य काय? आयुर्वेदिक घेऊ का?

सॅफो बरा करणारं पथ्य सिद्ध झालेलं नाही. वांगं, चिंच, दही यांवर माझा राग नाही. निर्गुडीचा शेक, गरम पाण्याची पिशवी बरी वाटते, जरूर घ्या. मात्र फोड आलेल्या त्वचेवर लेप नकोत. पोटात काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. 'वातावरच्या पुड्या' म्हणून खुल्या विकल्या जाणाऱ्या, नाव-घटक नसलेल्या औषधांपासून लांब राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड किंवा जड धातू सापडल्याचे प्रकार घडले आहेत, आणि दोन दिवसांत चमत्कार झाला तर संशय तोच घ्यायचा.

लहान मुलांना होतो का?

मुलांमधल्या भावंड-आजाराला, म्हणजे जंतूंशिवायच्या जुनाट हाडदाहाला, सीआरएमओ किंवा सीएनओ म्हणतात. मुलांत पायाची लांब हाडं जास्त धरली जातात, कॉलर बोनही. 'वाढीचं दुखणं आहे' म्हणून सोडून देतात. मूल रात्री दुखण्याने उठत असेल, लंगडत असेल, एकच जागा पुन्हा पुन्हा सुजत असेल तर बालसंधिवाततज्ज्ञांना दाखवा. मुलांत संपूर्ण शरीराचा एमआरआय सोयीचा, त्यात किरणोत्सर्ग नसतो.

मूल व्हायला अडचण येते का?

आजारामुळे सहसा नाही, औषधांमुळे आखणी लागते. मेथोट्रेक्सेट गर्भधारणेच्या काही महिने आधी बंद करावं लागतं. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर टाळतात. बायोलॉजिक शेवटच्या तिमाहीत घेतलं असेल तर एक गोष्ट बाळाच्या डॉक्टरांना प्रसूतीआधीच सांगून ठेवा. आपल्याकडे बाळाला जन्मताच बीसीजी टोचतात, ती जिवंत लस आहे. अशा बाळाला ती साधारण सहा महिने लांबवायची असते. प्रसूतिगृहात नर्स नेहमीच्या सवयीने टोचून मोकळी होईल, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या.

पूर्ण बरा होतो का?

काही जणांत एक मोठा भडका येऊन आजार शांत होतो, बहुतेकांत वर्षानुवर्षं चढउतार चालतात. आयुष्य त्यामुळे कमी होत नाही. जाड झालेलं हाड मागे जात नाही, दुखणं मात्र जातं. माझ्या डाव्या कॉलर बोनला आजही उंचवटा आहे, पण वरचा फळा मी पुन्हा वापरते.

तातडीने कधी दाखवायचं?

एका हाताला अचानक सूज, हात जड आणि निळसर: वाढलेलं हाड शेजारच्या शिरेवर दाब देऊन गुठळी करू शकतं. पाय लुळे पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं. बायोलॉजिकवर असताना थंडी वाजून ताप. यातलं काही झालं तर सोमवारची वाट पाहायची नाही.

इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं म्हणतात. आमच्याकडे लाइट जाते.

दोन ते आठ डिग्री म्हणजे फ्रीजचा मधला कप्पा. दारात नको आणि फ्रीझरच्या खालच्या जाळीलाही टेकवू नका. लाइट गेली तर दार उघडायचं नाही, दोन-चार तास थंडावा टिकतो. एसटीने नेताना थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी, त्यावर टॉवेलची घडी आणि मग इंजेक्शन. थेट बर्फाला लागून गोठलं तर ते फेकायचंच, वितळवून वापरायचं नाही. माझं एक असं गेलं आहे, मनमाड स्टँडवर.